उजवा कोपरा

२४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या मॅडमना,

फोन तू उचलत नाहीस. तीनदा केला, तिन्ही वेळा वाजून बंद झाला. म्हणून पत्र लिहितो आहे, आणि तेही घरच्या पत्त्यावर न पाठवता प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. मला जे बोलायचं आहे ते बहिणीशी नाही. चौकशी अहवालाच्या खाली जिची सही आहे तिच्याशी आहे.

अहवाल काल जेवणाच्या खोलीत फळ्यावर लावला. चार पानं. मी उभ्या उभ्या दोनदा वाचला, तेव्हा मागे उभा असलेला सुतार म्हणाला, "फळा गिळू नकोस, बाकीच्यांनाही वाचायचाय." चौथ्या पानावर, शेवटून दुसरी ओळ : छताचा थर निसटण्याचे कारण मिश्रणातील जादा पाणी, जबाबदारी पंपचालकाची.

पंपचालक म्हणजे पंपवाले काका. तू शिकाऊ म्हणून बोगद्यात आलीस तेव्हा ज्यांनी स्वतःचं स्टूल तुला बसायला दिलं आणि आठवडाभर उभ्यानं पंप चालवला, ते. बारा जानेवारीला तो थर पडला तो त्यांच्यावरच. कमरेचं हाड दोन जागी मोडलं आहे, सहा आठवडे पाठीवर पडून आहेत. म्हणजे आधी छत त्यांच्यावर पडलं आणि आता अहवाल पडला.

काँक्रीटचा माल घट्ट आला की नळी तुंबते, म्हणून पंपावरची माणसं हळूच त्यात पाणी सोडतात. हे चालतं, मी नाही म्हणत नाही. काका ते करत नाहीत. गेल्या वर्षी नव्या मुकादमानं पाण्याचा पाइप मिक्सरच्या गाडीच्या तोंडाशी नेला तेव्हा काकांनी पंप बंद केला, डबा उघडला आणि जेवायला बसले. "पाणी घालून झालं की सांगा, तोवर माझी सुट्टी." मुकादम पाइप गुंडाळून घेऊन गेला. अकरा वर्षं मी नळीच्या तोंडाचं नोझल धरतो आणि ते माझ्या मागे पंप सांभाळतात. त्यांच्या पंपातून पातळ माल आलेला मला एक दिवस आठवत नाही.

प्रयोगशाळेत बसून विसर पडला असेल म्हणून सांगतो. खडक फोडला की उघडं छत तसंच ठेवता येत नाही. सैल दगड आधी पाडायचे, खडक धुवायचा, जाळी बांधायची, आणि मग हवेच्या जोरावर काँक्रीट मारायचं. नोझल खडकासमोर सरळ, चार-पाच फुटांवर, हात लहान लहान गोल फिरवत. जाळीच्या मागची जागा आधी भरायची. खडकावर आपटून जो माल उडतो तो झाडून टाकायचा, त्याच्यावर पुन्हा मारायचं नाही. यातलं एक चुकलं की थर वरून छान दिसतो आणि आतून पोकळ असतो. त्यात पंपाचा काही संबंध नाही. संबंध असतो तो नोझल धरणाऱ्याचा.

चारशे दहा ते चारशे चाळीस मीटरचा तो पट्टा कोणी मारला ते पाळीच्या वहीत लिहिलेलं आहे. तो माणूस शनिवारी कामावरून घरी आला की तुझ्याच शेजारी जेवायला बसतो.

आणखी एक. पडलेल्या तुकड्यांच्या पाठीवर बोटभर धूळ होती, मी स्वतः पाहिली. म्हणजे खडक न धुताच मारलेलं. तुझ्याकडे ते तुकडे चकचकीत आले असतील. मुकादमानं पाठवण्याआधी धुऊन काढले. "मॅडमकडे घाण कशी पाठवायची?" म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला तेवढीच अक्कल आहे.

परवा मी हातोडी घेऊन तो सगळा पट्टा ठोकत गेलो. चिकटलेला थर ठण वाजतो, सुटलेला ढब्ब. तीस मीटरांत सतरा ठिकाणी ढब्ब वाजला. सतराही जागी खडूनं गोल केले. आज मुकादमानं ओलं फडकं घेऊन ते पुसले. "अहवाल आलाय. एका दिवसाचा माल खराब होता, तेवढा भाग काढायचा. तू काय छताचा डॉक्टर लागून गेलास?"

त्या छताखालून रोज चाळीस माणसं जातात. काकांवरचा ठपका अहवालातून काढ.

तुझा दादा (हे सवयीनं लिहिलं)

३ मार्च

मॅडम,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली सही, जणू मी सिमेंटची पोती पुरवणारा आहे. मी जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे आपण काय लिहिलं ते पुन्हा डोळ्यांखालून जाईल.

"पडलेल्या थराचे सहा तुकडे दाबून पाहिले. चार ताकदीत कमी भरले. तुकडे मी धुतलेलेच पाहिले, पाठीवर धूळ होती हे मला तुझ्याकडून कळतंय, त्याला पुरावा नाही. दोष मिश्रणाचा असेल किंवा मारणाऱ्याच्या हाताचा. हात तपासायला माझ्याकडे ह्यांचं परवान्याचं पॅनेल आहे, गेल्या जूनमधलं. इतकं घट्ट पॅनेल मी वर्षभरात पाहिलेलं नाही. ज्याचं पॅनेल असं, त्याचा हात वाईट कसा म्हणू? मग मिश्रण राहतं. नवरा म्हणून लिहिलेलं नाही, आकडे पाहून लिहिलं आहे."

आकडे पाहून. वा.

पॅनेल म्हणजे काय असतं गं? मीटरभराची लाकडी पेटी, भिंतीला तिरपी टेकवलेली, बाहेर मोकळ्यावर, भर उजेडात. वरून पाणी ठिबकत नाही, पायाखाली चिखल नाही, पाळी संपत आलेली नाही, मुकादम घड्याळ दाखवत नाही. त्या पेटीत माल मारायचा, महिन्यानं तुम्ही मधोमध गोल तुकडे कापायचे आणि दाबून बघायचे. त्यावरून तुम्ही ठरवणार की हा माणूस पुढची पाच वर्षं अंधारात कसा मारेल. लग्नाच्या दिवशीचा फोटो बघून संसार कसा झाला ते सांगण्यातला प्रकार आहे.

आणि तुला कधी नवल वाटलं नाही? भावोजी आधी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा तुझ्याच प्रयोगशाळेनं त्यांना नापास केलं. तिसऱ्या वेळी एकदम वर्षातलं सगळ्यात घट्ट पॅनेल. एवढी शिकलेली तू, तुला एकदाही वाटलं नाही की विचारावं?

असो. तो विषय नाही. विषय काकांचा आहे.

रविवारी दवाखान्यात गेलो होतो. खाटेशेजारी अहवालाची प्रत होती, कोणीतरी कर्तव्य म्हणून आणून दिलेली. मी म्हणालो, "काका, तुम्ही काळजी करू नका, मी भांडतोय."

"कोणाशी?" त्यांनी विचारलं.

"बहिणीशी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. औषधांनी गुंगी येत असावी. मी थोडा वेळ बसलो, खिडकीचा पडदा नीट केला आणि निघालो.

पंपावर आता दुसरा माणूस आहे. कपडे बदलायच्या खोलीत काल तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी बाबा पाणीबिणी घालत नाही." लोक हसले. काकांच्या खुंटीवर अजून त्यांचा रेनकोट आहे. भावोजीही हसले. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. आमच्या बुटांना नाड्या नसतात.

तेवढा भाग काढून परवा पुन्हा मारला. उरलेले सोळा गोल पुसलेलेच आहेत. माझ्या पाळीत माणसं तिथून जातात तेव्हा मी त्यांना भिंतीच्या कडेनं जायला सांगतो. काल एक म्हणाला, "कडेला पडणार नाही का?" मी त्याला लवकर चल म्हणालो.

अहवाल बदल.

दादा

११ मार्च

धाकटे,

या वेळी तू हातानं लिहिलंस. अक्षर बिघडलं आहे तुझं, की घाईत होतीस?

तू लिहितेस, "पॅनेलचा उरलेला भाग अंगणात पडला होता, तो उचलून आणला आणि कोपरे कापले. कोपरे कधी कोणी कापत नाही, तुकडे मधूनच घेतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात उडालेला माल साचलाय, बोटभर जाडीचा. मग मी अंगणातली सगळी जुनी पॅनेलं कापली. सगळ्यांत तो डावीकडे आहे, कारण मारणारे उजव्या हाताचे. फक्त तुझ्या दोन पॅनेलांत उजवीकडे आहे, आणि या एकात. लहानपणी जेवताना तुझा डावा हात माझ्या ताटाला लागायचा म्हणून मी जागा बदलून मागितली होती. दादा, काही सांगायचं आहे का?"

पत्र वाचून दोन दिवस मला तुझाच राग आला होता. आठ महिने पॅनेल अंगणात पडून होतं तेव्हा नाही, आणि आता मी भांडायला उभा राहिलो तर करवत घेऊन माझ्याच मागे. मी तुला काकांसाठी लिहितोय आणि तू मलाच कोपऱ्यात गाठतेस. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी पाळीवर नोझल हातात घेतलं आणि माझं माझ्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं.

तर सांगतो.

जूनमध्ये तुला सातवा महिना होता. भावोजी तिसऱ्यांदा नापास झाले असते तर त्यांना दुसऱ्या कामावर पाठवणार होते, दोन दिवसांच्या वाटेवर. तू मला म्हणाली होतीस, "दादा, ह्यांना जरा शिकव ना." मी तीन आठवडे शिकवलं. त्यांना येत नाही असं नाही. ते घाई करतात. नोझल लांब धरतात, कारण जवळ धरलं की तोंडावर उडतं. जाळीच्या मागे भरायचा कंटाळा करतात. मी रोज सांगायचो, रोज ते हो म्हणायचे.

पॅनेलच्या दिवशी त्यांनी हातमोजे दोनदा काढले, दोनदा घातले. पेटी टेकवलेली, काका पंपावर, मुकादम शेजारी. तेवढ्यात मुकादमाला कार्यालयातून हाक आली. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. ते काहीही बोलले नाहीत, हे तुला सांगायला हवं. मीच नोझल घेतलं. पिवळा रेनकोट, मास्क, चष्मा. त्यात नवरा कोण आणि मेहुणा कोण हे सख्ख्या आईलाही कळणार नाही. अकरा मिनिटं लागली. मुकादम परत आला तेव्हा मी बाजूला उभा होतो आणि भावोजी नोझल धूत होते. "झकास," तो म्हणाला.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहितो, कारण लपवण्यासारखं तेवढंच उरलं आहे. मला अभिमान वाटला. महिन्यानं तुझ्या प्रयोगशाळेतून आकडा आला तेव्हा तो मी दोनदा विचारून घेतला. आपल्या धाकटीनं आपलं काम मोजलं आणि ते वर्षातलं सगळ्यात चांगलं निघालं, असं मनात म्हटलं. ते पॅनेल म्हणजे एक दाखला आहे, त्यावर एका माणसाला छताखाली नोझल धरायला मिळणार आहे, हे डोक्यातच आलं नाही. बहिणीचा संसार जागेवर राहिला एवढंच आलं.

आणि मग त्याच पॅनेलच्या जोरावर तू काकांना दोषी ठरवलंस. बरोबरच ठरवलंस. मी तुझ्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं. पुरावा मी दिला होता.

काल भावोजींना गाठलं. कपडे बदलायच्या खोलीत दोघेच होतो. म्हटलं, "मी उद्या जबाब देतोय. पॅनेल मी मारलं म्हणून."

ते म्हणाले, "दादा, बाळ सहा महिन्यांचं आहे."

"माहीत आहे. मामा आहे मी त्याचा."

"माझा परवाना जाईल."

"माझाही जाईल. तुम्ही खडक धुतला होता का?"

"मुकादम घाई करत होता."

"धुतला होता का?"

ते बाकावर बसले. मग म्हणाले, "पहिले आठ-दहा मीटर धुतला. मग नाही." आणि थोड्या वेळानं, "मीही त्याच छताखालून जातो, दादा. रोज वर बघत जातो." हे ते रडगाणं म्हणून सांगत नव्हते. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. म्हटलं, "मग चला माझ्याबरोबर. दोघांचे जबाब एकाच कागदावर होतील."

येतो म्हणाले. येतील की नाही सांगता येत नाही. मी जाणार आहे.

दादा

१९ मार्च

धाकटे,

भावोजी आले होते. माझ्या आधी येऊन दाराशी उभे होते, दाढी करून. त्यांनी खडकाचं सांगितलं, मी पॅनेलचं सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही अहवाल लागला तेव्हाच का सांगितलं नाही?" मी म्हणालो, "मी रागावलेलो होतो." त्यांना ते कळलं नाही. तुला कळेल.

दोघांचे परवाने काढून घेतले. पट्टा त्याच दुपारी बंद केला. सतरा तारखेपासून तोडायला लागले आहेत. कटावणी लावली की ताटाएवढे तुकडे सुटून येतात, मागे कोरडी धूळ. मुकादमाला एक तुकडा उचलून हातात दिला आणि म्हटलं, "हा धुवायचा नाही. असाच पाठवायचा." त्यानं तो पोत्यात घातला आणि पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'धुऊ नये'. मिळाला असेल तुला.

मला नवीन काम दिलं आहे. मारण्याआधी खडक धुवायचं. पाण्याचा पाइप घेऊन मी सगळ्यांच्या पुढे असतो. सुतार म्हणतो, "बढती झाली तुझी, आता सगळ्यात पुढे." भावोजी पाइपचं दुसरं टोक धरतात. आम्ही फारसं बोलत नाही. एखादी जागा सुटली तर मी नुसतं बोट दाखवतो, ते पुन्हा धुतात.

तू पाठवलेला दुरुस्त अहवालाचा मसुदा काल मिळाला. तो घेऊन दवाखान्यात गेलो. काकांना आता उशी लावून बसवतात. म्हटलं, "काका, वाचून दाखवतो." जबाबाचं त्यांना आधीच कोणीतरी सांगितलं होतं, तरी मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. जून, पेटी, अकरा मिनिटं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मला माहीत होतं."

मला वाटलं जबाबाबद्दल म्हणतात.

"पॅनेलचं रे. पंपावर मी होतो ना? नळीवर पाय ठेवून उभा असतो मी, त्याशिवाय तुंबलेली कळायची कशी? तू मारतोस तेव्हा नळी संथ हलते. तुझा तो भावोजी मारतो तेव्हा ती साप पकडल्यासारखी झटके खाते. त्या दिवशी अकरा मिनिटं संथ होती."

"मग चौकशीत सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगू? पायाला कळलं म्हणून सांगू? सुटायला सांगतोय म्हणाले असते. आणि ते सांगायचं काम माझं नव्हतं." त्यांनी वर बोट केलं. "नऊ आठवडे या छताकडे बघत पडलोय. रोज वाटायचं, आज तू बोलशील. रविवारी आलास, म्हणालास बहिणीशी भांडतोय. पडदा सरळ करून गेलास."

मी मसुदा वाचायला घेतला. चौथ्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीवर आलो. तू लिहिलं आहेस : खडकाची पूर्वतयारी अपुरी, नोझलचालकाचे परवान्याचे पॅनेल अन्य व्यक्तीने मारल्याचे निष्पन्न.

काका म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"अन्य व्यक्ती," ते म्हणाले. "माझ्या वेळी सरळ पद लिहिलं होतं."

म्हणून हे पत्र. धाकटे, माझा राग अजून गेलेला नाही आणि त्यातला थोडा पुन्हा तुझ्यावर आहे. आकडे पाहून लिहितेस ना? मग लिही. नवऱ्याचं पद त्या ओळीत लिहिताना तुझा हात थांबला नाही, हे मी पाहिलं, आणि लिहितानाची ती रात्र तुझी कशी गेली असेल तेही मला कळतं. भावाशी आल्यावर मात्र तो थांबला. तू मला झाकलंस, जसं मी जूनमध्ये तुला झाकलं. वरून छान दिसतं. ठोकून बघ, कसं वाजतं ते.

माझं पूर्ण नाव लिही, पुढे पद लिही, आणि त्याच्यापुढे लिही की पंपचालकाचा काही दोष नव्हता. तेवढं झालं की फळ्यावर लाव. सुतारानं काकांची ओळ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. माझीही तो वाचेल. मी तिथंच उभा राहणार आहे.

आणि त्यानंतर फोन केला तर उचल.

दादा